पांढरा सदरा, काळी पट्टी : परदेशी गेलेल्या मॉर्मन प्रचारकाचा आठवडा

वाचक हो, बारावीची परीक्षा दिलेला आपल्याच घरातला मुलगा डोळ्यांसमोर आणा. आईने चार हाका मारल्याशिवाय न उठणारा, स्वतःचा सदरा कधी न धुतलेला. हा मुलगा उद्या म्हणाला, ‘मी दोन वर्षांसाठी परमुलखात चाललो. पगार नाही, सुट्टी नाही, मधे घरी येणे नाही, सिनेमा-टीव्ही नाही, मुलीबरोबर फिरणे तर नाहीच. आणि खर्च मात्र तुम्ही पाठवायचा’, तर घरात काय होईल? दोन दिवस चूल पेटणार नाही. अमेरिकेतल्या यूटा राज्यात मात्र अशा घरी नातेवाईक जमतात. मुलगा सगळ्यांसमोर नेमणुकीचे पत्र वाचतो. पूर्वी ते पाकिटातून येई, आता संगणकावर येते. कोणत्या देशी जायचे हे त्याने ठरवायचे नसते, ते वरून ठरलेले असते. देशाचे नाव ऐकताच टाळ्या पडतात आणि आई डोळे पुसते.

ही मुले मॉर्मन पंथाची. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने हा पंथ स्थापन केला आणि त्याच साली ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ छापला. बायबलबरोबर हाही देवाचा शब्द आहे असे ते मानतात, म्हणून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. चर्चचे खरे नाव बरेच लांब आहे, आणि मॉर्मन म्हणू नका असा त्यांचा २०१८ पासूनचा आग्रह आहे. ओळख पटावी म्हणून आम्ही जुनाच शब्द ठेवला आहे. मुख्य ठाणे सॉल्ट लेक सिटी या शहरात. जगभर त्यांचे सत्तर हजारांहून अधिक पूर्णवेळ प्रचारक एका वेळी फिरत असतात. मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष. मुलग्यांसाठी वयाची अट १९ ची होती, ती २०१२ साली १८ वर आणली. मुलींची २१ ची अटही तेव्हापासून खाली आली.

पैशाचे आधी सांगून टाकतो, कारण आपल्या घरांत पहिला प्रश्न तोच निघतो. १९९१ च्या आधी मुलगा ज्या देशात जाई तिथला प्रत्यक्ष खर्च घराच्या माथी बसे. स्वस्त देश मिळाला तर निभावे, महाग देश मिळाला तर बाप कर्ज काढी. पुढे सगळ्यांना सारखा आकडा ठरवला. अमेरिकेतल्या घरांसाठी तो महिना ४०० डॉलर होता, जुलै २०२० पासून ५०० झाला. म्हणजे दोन वर्षांचे १२ हजार डॉलर. आपल्या रुपयांत महिन्याला चाळीस हजारांच्या वर. गरीब देशांतल्या मुलांनी ऐपतीप्रमाणे भरायचे, उरलेले चर्चच्या निधीतून जाते.

आता एका जोडीबरोबर आठवडाभर चालू. जागा पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाची, समुद्रकाठचे केप कोस्ट शहर. एक मुलगा यूटाचा, गोरा, सुखवस्तू घरातला. दुसरा नायजेरियाचा, काळा, कष्टकऱ्याचा मुलगा. ही जोडी नमुन्यादाखल घेतली आहे, म्हणून त्यांना नावे देत नाही. त्यांचे नियम आणि त्यांच्या पंथाचा इतिहास मात्र अस्सल आहे. नाव तसे त्यांनाही अर्धेच वापरायचे असते. छातीवरच्या काळ्या पट्टीवर ‘एल्डर’ आणि आडनाव एवढेच. एल्डर म्हणजे वडीलधारा. घानातही आपल्यासारखाच वयाला मान आहे. तिथे पन्नाशीच्या माणसाने अठरा वर्षांच्या पोराला वडीलधारा म्हणून हाक मारायची, ही गंमत त्या पोरांच्याही लक्षात येत असेल.

सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस. सुट्टी म्हणता येत नाही, कारण संध्याकाळी पुन्हा कामाला लागायचे असते. बादलीत कपडे भिजवायचे, हाताने घासायचे, दोरीवर टाकायचे. पांढरे सदरे आणि रस्त्यावरची लाल धूळ यांचे वैर आहे. यूटाच्या मुलाच्या घरी हे काम यंत्र करी. त्याला सदऱ्याची कॉलर कशी घासायची ते नायजेरियाचा मुलगा शिकवतो. मग बाजार, केस कापणे, खोली झाडणे आणि घरी बोलणे. हे घरी बोलणे फार नवे आहे. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत प्रचारकाने वर्षातून दोनदाच घरी फोन करायचा, एकदा नाताळला आणि एकदा मातृदिनाला. बाकी पत्रे, आणि पुढे ई-मेल. दोन वर्षांत चार वेळा आवाज! कित्येक घरांत त्या काळात आजी वारली, बहिणीचे लग्न झाले, आणि मुलगा तिकडेच राहिला. १५ फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची परवानगी मिळाली. जगातल्या आया काय विचारतात ते वेगळे सांगायला नको. जेवलास का, आणि बारीक का दिसतोस.

मंगळवारपासून घड्याळ सुरू होते. सकाळी साडेसहाला उठायचे. प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, आंघोळ. मग एकट्याने ग्रंथवाचन, मग जोडीने अभ्यास, आणि भाषा शिकायची असेल तर तिचा वेगळा वेळ. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे. रात्री नऊला परत, फार तर साडेनऊ. साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून या वेळांत थोडी सैल दिली आहे, पण मूळ चौकट तीच. पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला यात नवल वाटणार नाही, पण कामगाराला निदान सुट्टीचा भोंगा असतो.

सगळ्यांत कडक नियम सोबत्याचा. प्रचारक कधीही एकटा नसतो. झोपायची खोली एकच, रस्ता एकच, भेट एकच. न्हाणीघर सोडले तर जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. जोडीदार निवडता येत नाही, नापसंत म्हणून बदलूनही मागता येत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी वरून बदल्यांचा निरोप येतो, तोवर घोरणारा असो की अबोल, निभवायचे. भगवान बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेसाठी पाठवले तेव्हा एका वाटेने दोघांनी जाऊ नये असे सांगितले होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. इथे बरोबर उलटे. दोघे गेले की एकमेकांचा आधार होतो हे खरे, आणि एकमेकांवर पहाराही राहतो, हेही तितकेच खरे.

मंगळवारी जवळपासच्या चार-सहा प्रचारकांची बैठक असते. कुठली भेट फसली, कोणता धडा कसा समजावला, याची उजळणी. तिथून बाहेर पडले की चालणे. गल्लीतली पोरे ‘ओब्रोनी, ओब्रोनी’ म्हणून गोऱ्या मुलामागे धावतात. ओब्रोनी म्हणजे गोरा परदेशी. नायजेरियाच्या मुलामागे कोणी धावत नाही, पण मोठी माणसे त्याच्याशी आधी बोलतात. घानात दार आपटण्याची चाल फारशी नाही. पाहुणा आला की त्याला बसायला देतात, प्यायला पाणी देतात आणि मगच विचारतात, काय निमित्ताने आलात? आपल्याकडे तांब्याभर पाणी पुढे करतात तसेच. जेवायच्या वेळेला गेले तर फुफू मिळतो. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसाव्हा आणि केळ्याच्या जातीचे एक फळ उकडून, उखळात कांडून त्याचा गोळा करतात. तो उजव्या हाताने तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. यूटाच्या मुलाचा पहिला महिना यातच जातो. चहा-कॉफीचा प्रश्न येत नाही, कारण दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही या पंथाला निषिद्ध आहे. आपल्याकडे चहाशिवाय कोणाच्या घरून निघून दाखवावे! कोको मात्र चालतो, आणि घाना तर कोकोचाच देश.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घानात दहांपैकी सातजण आधीच ख्रिस्ती आहेत. चौकाचौकांत चर्च, दुकानांच्या पाट्यांवर येशूचे नाव. तेव्हा ही मुले ख्रिस्ती नसलेल्यांना ख्रिस्त सांगत नाहीत, ख्रिस्ती माणसाला ‘तुझ्यापेक्षा आमचे चर्च खरे’ असे सांगत असतात. म्हणून ऐकणाराही कच्चा नसतो. तो बायबल उघडून उलटतपासणी घेतो.

आणि मग एखाद्या बुधवारी, एखाद्या अंगणात, कोणीतरी म्हातारा तो प्रश्न विचारतोच. ‘बाबांनो, तुमचे चर्च देवाचे म्हणता. मग १९७८ पर्यंत आम्हाला आत का घेत नव्हता?’

हा प्रश्न नीट समजावा म्हणून थोडे मागे जावे लागेल. जोसेफ स्मिथच्या हयातीत, १८३६ साली, एलायजा एबल या काळ्या माणसाला पौरोहित्याचा अधिकार मिळाला होता. या पंथात पुरोहित हा वेगळा वर्ग नाही, साधारण प्रत्येक प्रौढ पुरुषाला तो अधिकार मिळतो. पण दुसरा नेता ब्रिगम यंग याने १८५२ साली जाहीर केले की आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला तो मिळणार नाही. काळ्या स्त्री-पुरुषांना टेंपलमधले मुख्य विधीही बंद झाले. त्यासाठी कारणे रचली गेली. काळी कातडी म्हणजे जुना शाप, जन्मापूर्वीच्या आयुष्यात हे आत्मे कमी पडले असावेत, अशी. जन्मापूर्वीच्या हिशोबावर या जन्मीची पायरी ठरवण्याची युक्ती कोणाच्या ओळखीची आहे, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

नवल असे की दार बंद असतानाही आफ्रिकेतून दारावर थाप पडत होती. घानात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन या माणसाच्या हाती १९६४ साली या पंथाची पुस्तके आली. कोणी प्रचारक आला नव्हता, कोणी दीक्षा दिली नव्हती. त्याने स्वतःच मंडळ्या उभ्या केल्या आणि सॉल्ट लेक सिटीला पत्रे लिहिली. उत्तर एकच, थांबा. नायजेरियात अँथनी ओबिन्ना याने रीडर्स डायजेस्टच्या जुन्या अंकात मॉर्मनांवरचा लेख पाहिला आणि त्यानेही पत्रे लिहिली. त्यालाही तेच. १९६० नंतरच्या वर्षांत नायजेरियात प्रचारक पाठवण्याचा विचार झाला होता. पण अमेरिकेत शिकणाऱ्या एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या हाती या वंशभेदाची माहिती लागली. त्याने १९६३ साली मायदेशातल्या वृत्तपत्राला खरमरीत पत्र लिहिले, आणि सरकारने प्रचारकांना व्हिसा नाकारला. आमच्या मते त्या विद्यार्थ्याने योग्य तेच केले. आणि तरीही जॉन्सन चौदा वर्षे का थांबला, हा प्रश्न मनातून जात नाही. दुसऱ्याच्या दारात चौदा वर्षे उभे राहायला भोळेपणा पुरत नाही, जबर जिद्द लागते. ती जिद्द त्याने स्वतःचेच दार बांधण्यात घातली असती तर, असेही वाटून जाते.

जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी बंदी उठवल्याचे जाहीर केले. देवाने नवा आदेश दिला असे सांगण्यात आले. जॉन्सनने सांगितलेल्या आठवणीनुसार त्याला ही बातमी रात्री बीबीसीच्या रेडिओवर कळली आणि तो रडू लागला. ९ डिसेंबर १९७८ रोजी केप कोस्टजवळच्या समुद्रात शंभराहून अधिक जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. ओबिन्नाला नायजेरियात त्याआधी अडीच आठवडे, २१ नोव्हेंबरला, तो मिळाला होता. हा केप कोस्टचा किनारा साधा नव्हे. इथे आणि शेजारच्या एल्मिनाला गोऱ्या व्यापाऱ्यांचे किल्ले आहेत. एल्मिनाचा पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधलेला. त्यांच्या तळघरांतून साखळदंड घातलेली माणसे जहाजांत भरली जात. त्याच पाण्यात त्याच लोकांचे नातलग पांढरे कपडे घालून उतरले.

आता त्या अंगणातल्या यूटाच्या मुलाकडे पाहा. १९७८ साली त्याचा बापही लहान असेल. हे पाप त्याचे नाही, पण छातीवरची पट्टी त्या चर्चची आहे. प्रशिक्षण केंद्रात भाषेप्रमाणे तीन ते नऊ आठवडे शिकवतात. सभ्यपणे कसे बोलावे, धडे कसे द्यावेत, ते सारे. या प्रश्नाला मात्र धड्यात मावेल असे उत्तर नाही. २०१३ साली चर्चने एक निबंध प्रसिद्ध करून जुनी सगळी कारणे नाकारली आणि वंशद्वेषाचा निषेध केला. क्षमेचा शब्द त्यात नाही. काही मुले ‘देवाच्या वेळा आपल्याला कळत नाहीत’ असे म्हणून पुढे सरकतात. काही गप्प बसतात. आम्हाला गप्प बसणारी बरी वाटतात. नायजेरियाच्या मुलाची पंचाईत आणखी मोठी. त्याने काय सांगावे? आपल्या आजोबांना जिथे अधिकार नव्हता तिथे आज आपल्याला आहे, म्हणून मी इथे उभा आहे, एवढेच तो सांगू शकतो. म्हातारा ऐकतो, पाणी देतो, पुन्हा या म्हणतो.

घानाच्या सरकारनेही एकदा यांना दार दाखवले होते. १४ जून १९८९ रोजी या चर्चच्या सगळ्या कामावर बंदी आली, परदेशी प्रचारकांना देश सोडावा लागला. नोव्हेंबर १९९० मध्ये बंदी उठली. त्या दीड वर्षात गावोगावच्या घानायन सभासदांनी घरातच रविवारची प्रार्थना चालू ठेवली. गोरा मुलगा नसला म्हणून काही अडले नाही, हे यात दिसते.

नकार पचवणे या मुलांना जुनेच आहे, आणि त्यात आपले पुणेही येते. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत उपदेश करायला मनाई केली. तरी त्याने डझनभर माणसांची शाखा काढली. काही वर्षांत ते सगळे प्रचारक परतले आणि पुण्यात मागे काही उरले नाही. ज्या साली अमेरिकेत काळ्यांसाठी दार बंद झाले, त्याच साली हा माणूस आपल्याकडे दारे ठोठावत होता. अलीकडे त्यांनी १९९३ साली बंगळुरात आणि २००७ साली दिल्लीत मिशन उघडले आहे.

गुरुवार-शुक्रवार फिरण्यात आणि आखणीत जातात. आठवड्यातले काही तास सेवाकार्यासाठी असतात. कोणाची भिंत रंगवायची, कोणाचे सामान वाहायचे, कोणाच्या शेतातले तण काढायचे. या कामात ती सगळ्यांत खुशीत असतात म्हणे, आणि ते पटते. कुदळ हाती असली की कोणाला पटवायचे नसते.

आखणीचा भाग तितका साधा नाही. या आठवड्यात कितीजण भेटले, किती रविवारी चर्चमध्ये आले, कितीजणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली, किती झाले, हे सगळे वर कळवायचे. कारखान्यात उत्पादनाचा फळा असतो तसाच हा फळा. आकडा कमी आला की मुलगा स्वतःला दोष देतो, माझी श्रद्धाच कमी पडली म्हणतो. काहीजण यात खचतात, आजारी पडतात, मुदतीआधी घरी जातात. अशा मुलाला आपल्या गावात मान वर करून फिरणे जड होते. लोक टाळ्या वाजवून निरोप देतात, पण मधेच परतलेल्याच्या स्वागताला फारसे कोणी येत नाही. या प्रथेत आम्हाला काही खटकत असेल तर सगळ्यांत जास्त हे.

नायजेरियाच्या मुलाचा हिशोब निराळा आहे. दोन वर्षे पगार नाही म्हणजे धाकट्यांच्या फीला हातभार नाही. परत गेल्यावर नोकरी कोण देणार? २००१ साली चर्चने अशा परतलेल्या प्रचारकांना शिक्षणासाठी कर्ज देणारा निधी उभारला. इंग्रजी सुधारते, चारचौघांत बोलायचे धैर्य येते, वेळेची शिस्त लागते, हेही खरे. गोऱ्या मुलाबरोबर एका खोलीत राहून, एका भांड्यात शिजवून जेवल्याने दोघांच्याही मनातले काहीतरी झडत असणार. त्याचा फळा मात्र कोणी ठेवत नाही.

शनिवारी घानात अंत्यविधी असतात. मोठे मंडप, काळे-तांबडे कपडे, वाद्ये. ठरलेल्या भेटी त्यात बुडतात. एखाद्याचा बाप्तिस्मा ठरला असेल तर चर्चच्या हौदात पाणी भरायचे काम या दोघांचे. पांढऱ्या कपड्यांत त्या माणसाला पूर्ण बुडवून वर काढतात, केसही पाण्यावर तरंगता कामा नये. तो माणूस ओलेत्याने हसतो. त्याने आता दारू सोडायची, चहा सोडायचा, मिळकतीचा दहावा हिस्सा द्यायचा. मासळी विकून पोट भरणाऱ्या बाईला दहावा हिस्सा म्हणजे काय, ते आपल्या आयांना विचारा.

रविवारी दोन तासांची सभा असते. २०१९ पर्यंत ती तीन तासांची होती. पाव आणि पाणी वाटतात, द्राक्षरस नाही. कालच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला सभासद करून घेतात. हात ठेवणारे बहुतेक वेळा घानाचेच, ज्यांच्या बापांना हा अधिकार नव्हता. यूटाचा मुलगा मागच्या बाकावर बसून पाहतो. येतो म्हणालेले पाचजण असतात, आलेले दोन. दुपारी ते उरलेल्या तिघांच्या घरी जातात. एक झोपलेला, एक गावी गेलेला, एक घरातूनच ‘मी घरात नाही’ म्हणतो.

रात्री आकडे कळवून झाले की दोघे दिव्याखाली बसतात. सहा आठवडे पुरे झालेले असतात. निरोप येतो की नायजेरियाच्या मुलाची बदली झाली, त्याने मंगळवारी निघायचे, इथे दुसरा कोणी येईल. तो पेटी बाहेर काढतो. रश्शाचे मोठे पातेले दोघांनी मिळून घेतले होते, ते तो ठेवून जातो. यूटाचा मुलगा बादलीत पाणी भरतो आणि उद्यासाठी सदरे भिजत घालतो, दोघांचेही.